श्रेय साम्राज्याच्या खात्यावर, कर्ज बेटाच्या: न्यूफाउंडलंडचं 1948 चं मतदान

न्यूफाउंडलंड कॅनडात विलीन झालं तेव्हाच्या करारात 46 वं कलम मार्गारीनवर आहे. मार्गारीन म्हणजे लोण्याऐवजी पावाला लावायचा स्वस्त पदार्थ. कॅनडात दूधवाल्यांच्या दबावाने त्याच्या विक्रीवर बंदी होती, आणि बेटावरच्या कोळ्यांना खरं लोणी परवडत नव्हतं. म्हणून करारात लिहून घेतलं की आमच्याकडे मार्गारीन बनेल आणि विकलं जाईल. त्याच्या थोडं अलीकडे 38 वं कलम आहे: न्यूफाउंडलंडच्या माजी सैनिकांना कॅनडाच्या माजी सैनिकांसारखेच लाभ मिळतील.

पावाला काय लावायचं आणि युद्धातून परतलेल्यांचं काय करायचं, हे एकाच कागदावर. राष्ट्राभिमान, युद्धातलं श्रेय आणि विलीनीकरण यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे बघायला हे प्रकरण मला इतर कुठल्याही प्रकरणापेक्षा उपयोगी वाटतं. यात अभिमान खरा होता, रक्त खरं होतं, मतदानही खरं होतं. तरी तिन्हींचा हिशेब एका वहीत कधीच जुळला नाही.

न्यूफाउंडलंड हे कॅनडाच्या पूर्व टोकाशी अटलांटिकमधलं बेट, महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आकाराचं. वस्ती जवळजवळ सगळी किनाऱ्यावर, शेकडो लहान खाड्यांतून पसरलेली. धंदा कॉड माशाचा. 1855 पासून तिथे जबाबदार राज्यपद्धती होती, म्हणजे स्वतःचं विधिमंडळ आणि स्वतःचा पंतप्रधान. कॅनडात सामील व्हायचा प्रश्न 1869 च्या निवडणुकीत आला आणि मतदारांनी तो साफ फेटाळला. पुढची ऐंशी वर्षं हा देश कॅनडाच्या शेजारी, पण कॅनडाबाहेर राहिला.

निळ्या पट्ट्या

1914 मध्ये बेटावर म्हणावं असं सैन्यच नव्हतं. लोकसंख्या अडीच लाखांच्या आत. तरी ऑक्टोबरच्या 4 तारखेला ‘फ्लोरिझेल’ बोटीने सुमारे पाचशे जणांची पहिली तुकडी निघाली. खाकी कापड पुरेसं नव्हतं, म्हणून पोटऱ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या निळ्या कापडाच्या केल्या. (इंग्रज फौजेतला ‘पटी’ हा शब्द मुळात आपल्याकडचीच पट्टी.) पुढे निळ्या पट्ट्या हेच त्या पहिल्या तुकडीचं नाव पडलं आणि ते लावणं मोठ्या मानाचं झालं.

न्यूफाउंडलंडची ही रेजिमेंट तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईहून फ्रान्सला आली. ती ब्रिटनच्या 29 व्या डिव्हिजनमध्ये होती, कॅनडाच्या सैन्यात नव्हे. ही बाब लक्षात ठेवायला हवी, पुढे तिचा उपयोग आहे.

1 जुलै 1916, सोमची लढाई, बोमाँ-हामेल गाव. सकाळी साडेसातला निघालेल्या पहिल्या लाटा कापल्या गेल्या होत्या. पांढरा प्रकाशबाण दिसला तो यशाचा संकेत समजून मागच्यांना पुढे काढलं. न्यूफाउंडलंडचे जवान सव्वानऊला ज्या खंदकातून निघाले त्याला त्यांच्या राजधानीचं नाव होतं: सेंट जॉन्स रोड. हा खंदक मागच्या रांगेत होता. पुढे जायच्या वाटा प्रेतांनी आणि जखमींनी तुंबलेल्या, त्यामुळे उघड्यावरूनच चालावं लागलं. आधी स्वतःच्याच तारेच्या कुंपणातल्या फटींतून जायचं, आणि जर्मन मशीनगनचा नेम नेमका त्या फटींवर. आपल्या तोफखान्याला आपली माणसं ओळखू यावीत म्हणून पाठीवर पत्र्याचे त्रिकोण लावलेले होते. दुपारी जखमी जवान सरपटत मागे येऊ लागले तेव्हा ते पत्रे उन्हात चमकत होते. बघणाऱ्याने नोंदवून ठेवलंय की गोळ्यांत शिरताना या माणसांनी हनुवटी खांद्यात खुपसली होती, घरी बर्फाच्या वादळातून चालताना खुपसतात तशी.

सगळा प्रकार अर्ध्या तासात आटोपला. सुमारे 800 निघाले होते. दुसऱ्या दिवशी हजेरीला 68 जणांनी ओ दिली.

डिव्हिजनच्या सेनापतीने न्यूफाउंडलंडच्या पंतप्रधानांना जे कळवलं ते आजही तिथे पाठ असतं: हल्ला फसला तो केवळ मेलेली माणसं आणखी पुढे जाऊ शकत नाहीत म्हणून. वाक्य सुरेख आहे. इतकं सुरेख की त्या माणसांना सव्वानऊ वाजता पुढे का पाठवलं, हा प्रश्न त्याच्याआड बरीच वर्षं झाकून राहिला.

कोणाची बाजू, कोणाचं नाव

पुढच्या एप्रिलमध्ये 9 तारखेला कॅनडाच्या चारही डिव्हिजन पहिल्यांदाच एकत्र लढल्या आणि त्यांनी विमीची टेकडी घेतली. कॅनडात आज शाळेत शिकवतात की आपलं राष्ट्र त्या टेकडीवर जन्मलं. पाचच दिवसांनी, तिथून फार लांब नसलेल्या माँशी-ल-प्रो गावात न्यूफाउंडलंडची चारशेहून अधिक माणसं गारद झाली किंवा पकडली गेली. गाव हातचं जात असताना दहा जणांनी काही तास गोळीबार करत ते राखलं. त्यांतले नऊ न्यूफाउंडलंडच्या रेजिमेंटचे होते. ही गोष्ट विमीच्या कथेत बसत नाही, कारण ती कॅनडाची नव्हती. ब्रिटनच्या कथेतही ती एका डिव्हिजनमधल्या एका बटालियनची तळटीप होते.

श्रेय अजिबात मिळालं नाही असं नाही. डिसेंबर 1917 मध्ये राजाने रेजिमेंटला ‘रॉयल’ ही उपाधी दिली, आणि युद्ध चालू असताना ती मिळालेली ही त्या महायुद्धातली एकमेव रेजिमेंट. सतरा वर्षांच्या टॉमी रिकेट्सला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. प्रश्न वेगळा आहे. हे श्रेय मानाचं होतं, हक्काचं नव्हतं.

पॅरिसच्या तह परिषदेत तो फरक उघडा पडला. कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला स्वतंत्र खुर्ची मिळाली. राष्ट्रसंघातही (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) जागा मिळाली. हिंदुस्थान तर पारतंत्र्यात होता, तरी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या नावे ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगा सिंह यांच्या सह्या आहेत आणि राष्ट्रसंघाच्या संस्थापक सदस्यांत हिंदुस्थान आहे. स्वतःचं राज्य स्वतः चालवणाऱ्या न्यूफाउंडलंडला यातलं काहीच नाही: वेगळी सही नाही, राष्ट्रसंघात जागा नाही. आपल्याला खुर्ची मिळाली पण राज्य नव्हतं, त्यांना राज्य होतं पण खुर्ची नाही. साम्राज्याच्या कारभारात हे दोन्ही खपून जात होतं.

बिल मात्र बेटाच्याच नावावर आलं. रेजिमेंट उभारायचा, पोसायचा आणि नंतर पेन्शन द्यायचा खर्च सरकारने मुख्यतः कर्ज काढून केला. आधीचं रेल्वेचं कर्ज होतंच. मंदी आली, माशाचे भाव कोसळले. 1933 पर्यंत कर्ज 10 कोटी डॉलरच्या आसपास गेलं होतं, लोकसंख्या तीन लाखांहून कमी. महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा व्याजात जायचा. बेकारांना सरकारी शिधा मिळायचा तो माणशी दिवसाला 6 सेंटचा. 5 एप्रिल 1932 ला सेंट जॉन्समध्ये जमावाने विधिमंडळाच्या इमारतीवर चाल केली, पंतप्रधान जेमतेम निसटले.

लंडनने लॉर्ड अ‍ॅम्युलरींचा आयोग पाठवला. आयोगाने ठपका ठेवला तो मुख्यतः स्थानिक पुढाऱ्यांच्या उधळपट्टीवर आणि भ्रष्टाचारावर, आणि उपाय सुचवला राजकारणापासून काही काळ विश्रांती. भ्रष्टाचार होता, यात वाद नाही. पण कर्ज बुडवू द्यायला लंडन तयार नव्हतं, साम्राज्याची पत जाईल म्हणून. विधिमंडळाने स्वतःच ठराव करून स्वतःला बाजूला केलं. 16 फेब्रुवारी 1934 पासून राज्यपाल आणि सहा आयुक्त कारभार पाहू लागले: तीन बेटावरचे, तीन ब्रिटनचे, सगळे नेमलेले. यालाच आयोगाचं सरकार म्हणत. त्याच 1934 मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून घेतलेलं स्वतःचं युद्धकर्ज फेडणं थांबवलं. हे दोन प्रसंग मी एकाच परिच्छेदात मुद्दाम ठेवले आहेत.

दुसरं युद्ध, दुसरी बोलणी

1940 च्या सप्टेंबरमध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट यांचा सौदा झाला: अमेरिकेच्या 50 जुन्या विनाशिका ब्रिटनला, आणि अमेरिकेला तळांसाठी जागा 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. त्यांतल्या काही जागा न्यूफाउंडलंडच्या होत्या. मतदारांना विचारायची सोयच नव्हती, कारण मतदारच नव्हते. शेवटची सार्वत्रिक निवडणूक 1932 ची. पुढच्या ऑगस्टमध्ये हेच दोघे न्यूफाउंडलंडच्याच प्लासेंशिया उपसागरात युद्धनौकांवर भेटले आणि अटलांटिक सनद तयार झाली. आपली राज्यपद्धती निवडायचा हक्क सर्व लोकांना आहे, असं तिच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय. सनद ज्या पाण्यावर लिहिली गेली त्या पाण्याच्या मालकांना तो हक्क तेव्हा नव्हता. (हिंदुस्थानला तर चर्चिलने महिनाभरातच पार्लमेंटात सांगून टाकलं की हे तुमच्यासाठी नाही.)

या युद्धात मात्र पैसा आला. अमेरिकी आणि कॅनेडियन तळांवर हजारो लोकांना रोख मजुरी मिळू लागली. हे ‘रोख’ फार महत्त्वाचं. खाड्यांतल्या गावांत तोवर व्यवहार उधारीवर चालायचा. वसंतात व्यापाऱ्याकडून जाळी, मीठ, पीठ घ्यायचं, शरदात मासे घालायचे, भाव व्यापारीच ठरवणार, वहीत शिल्लक क्वचितच उरायची. आपल्याकडच्या सावकारी वहीपेक्षा फार वेगळं नव्हतं ते. कित्येक कुटुंबांनी हातात नोट पहिल्यांदा धरली ती तळामुळे. आयोगाच्या सरकारकडे शिल्लक पडू लागली, इतकी की त्यातून ब्रिटनला बिनव्याजी कर्ज दिलं गेलं.

मरणही आलं. ऑक्टोबर 1942 मध्ये बेट आणि कॅनडा यांच्यामधली ‘कॅरिबू’ ही प्रवासी बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांत बायकामुलं होती.

मतपत्रिकेवर काय छापायचं

युद्ध संपल्यावर ब्रिटन स्वतःच कफल्लक झालं होतं आणि बेटाचा भार त्याला नको होता. जून 1946 मध्ये 45 जणांचं राष्ट्रीय अधिवेशन निवडून आलं. लोकांपुढे कोणते पर्याय ठेवावेत याची शिफारस करणं, एवढंच त्याचं काम. भाषणं रेडिओवरून प्रक्षेपित व्हायची आणि दूरदूरच्या खाड्यांत लोक ती ऐकत बसायचे.

दोन माणसं समोरासमोर. मेजर पीटर कॅशिन पहिल्या महायुद्धात लढलेले, माजी अर्थमंत्री, आवाज खणखणीत. त्यांचं म्हणणं असं की आधी आमचं राज्य आम्हाला परत करा. मग कॅनडाशी बोलायचं असेल तर देश म्हणून बोलू, कफल्लक वसाहत म्हणून नाही. दुसरे जोई स्मॉलवूड. पूर्वीचे पत्रकार, रेडिओवर बेटाच्या गोष्टी सांगून घराघरांत पोचलेले, मधल्या काळात गँडरला डुकरं पाळलेली. ते सभेत राष्ट्राबद्दल कमी बोलत आणि आकडे जास्त सांगत. कॅनडात 1945 पासून प्रत्येक मुलामागे दरमहा 5 ते 8 डॉलर कुटुंबभत्ता मिळत होता, आणि तो बहुधा आईच्या नावे यायचा. सहा मुलं असलेल्या कोळ्याच्या घरी हा आकडा कसा ऐकला गेला असेल, ते सांगायला नको. त्यातून तो व्यापाऱ्याच्या वहीतून न जाता थेट हातात येणार होता.

जानेवारी 1948 मध्ये अधिवेशनाने 29 विरुद्ध 16 मतांनी कॅनडाचा पर्याय मतपत्रिकेवर ठेवायला नकार दिला. स्मॉलवूडच्या गटाने रेडिओवरून त्या 29 जणांना हुकूमशहा म्हटलं आणि तारांचा, सह्यांचा पूर लोटला, जवळपास पन्नास हजार. ब्रिटनने शिफारस बाजूला सारून कॅनडाचा पर्याय छापला. अमेरिकेशी आर्थिक जोडणी करावी असं म्हणणारा चेझली क्रॉसबींचा पक्षही बराच लोकप्रिय होता, त्याला मात्र मतपत्रिकेवर जागा मिळाली नाही.

कॅशिन यांनी याला कट म्हटलं. नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसतं की लंडन आणि कॅनडाची राजधानी ओटावा यांचं 1945 पासूनच आतून बोलणं चालू होतं आणि दोघांनाही विलीनीकरणच हवं होतं. म्हणजे पर्यायांची मांडणी तटस्थ नव्हती. मतमोजणीत घोळ झाला, ही जी कुजबूज आजही ऐकू येते, तिला मात्र आधार नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात: पंगतीत कोणते पदार्थ वाढायचे ते दुसऱ्यांनी ठरवलं आणि पानातून उचललं ते लोकांनी स्वतः.

3 जून 1948. जबाबदार राज्यपद्धती 69,400, कॅनडात विलीनीकरण 64,066, आयोगाचं सरकार चालू ठेवणं 22,311. कोणालाच निम्मी मतं नाहीत. सर्वांत कमी मतांचा पर्याय गाळून 22 जुलैला पुन्हा मतदान झालं. विलीनीकरण 78,323, जबाबदार राज्यपद्धती 71,334. फरक 6,989.

मधल्या सात आठवड्यांत प्रचार विषारी झाला. कॅथलिक आर्चबिशप रोश विलीनीकरणाच्या विरोधात होते, मग ऑरेंज संघटनेने प्रोटेस्टंटांना सावध केलं. तरी हे निव्वळ धर्माचं मतदान नव्हतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅथलिकांनी विलीनीकरणालाच मतं दिली. खरी रेघ भूगोलाची होती. सेंट जॉन्स आणि आसपासचा ॲव्हलॉन द्वीपकल्प एकीकडे, बाकीचं बेट आणि लॅब्राडोर (न्यूफाउंडलंडचा मुख्य भूमीवरचा भाग) दुसरीकडे.

आणि अभिमान? तो दोन्ही बाजूंनी वापरला. एकीकडे बोमाँ-हामेलच्या पोरांचा देश पाच डॉलरला विकू नका. दुसरीकडे विलीनीकरणवाल्यांची घोषणा होती ‘ब्रिटिश युनियन’: कॅनडा राजाचाच आहे, अमेरिकेच्या नादी लागाल तर झेंडा जाईल. ज्या युद्धाने स्वतंत्र राष्ट्राची भावना दिली, त्याच युद्धाची साम्राज्यनिष्ठा विलीनीकरणाच्या कामी आली.

माझ्या मते इथे सगळी मेख आहे. विलीनीकरणाला मत देणाऱ्यांना देशाचा अभिमान नव्हता, असं सेंट जॉन्सच्या दिवाणखान्यांत पुढे कित्येक वर्षं बोललं गेलं. पण रेजिमेंटमध्ये पोरं खाड्यांतल्या गावांतूनही गेली होती. त्या घरांत भिंतीवर मेलेल्याचा फोटो आणि फडताळात शिध्याचं पीठ, दोन्ही होतं. राजधानीला मतपत्रिकेवर ‘आपण कोण’ हा प्रश्न दिसला, खाडीला ‘आपलं कोण’ हा. तीस वर्षं श्रेय मिळूनही ज्यांच्या हाती काही पडलं नव्हतं, त्यांनी यावेळी श्रेयाऐवजी कलमं मागितली. 38 वं, 46 वं.

गोव्याच्या वाचकांना

गोव्याच्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाशी तुलना मनात येणारच. तिथे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढे दोनच पर्याय, चिन्हं फूल आणि दोन पानं. 1,38,170 विरुद्ध 1,72,191 मतांनी विलीनीकरण पडलं. तिथेही धर्माची गणितं सांगितली गेली आणि पुरी पडली नाहीत; बहुसंख्य हिंदू असलेल्या प्रदेशात विलीनीकरण पडतं तेव्हा हिंदूंची मतं विरुद्ध गेलेलीच असतात. फरक असा की न्यूफाउंडलंडपुढे मध्यममार्ग नव्हता. गोव्याला वेगळं राहूनही केंद्राचा पैसा मिळणार होता. 1948 मध्ये कोळ्याला ‘स्वतःचं विधिमंडळ आणि कुटुंबभत्ता’ असा पर्याय कुणी दिला असता, तर निकाल काय लागला असता याची मला फारशी शंका नाही. कौलाआधी गोव्याचे मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. बेटावर राजीनामा द्यायला निवडलेलं सरकारच नव्हतं.

एका दिवसाचे दोन भाग

डिसेंबर 1948 मध्ये ओटावात करारावर सह्या झाल्या. शिष्टमंडळातले क्रॉसबी सहीला बसले नाहीत. विलीनीकरण अंमलात आलं ते 31 मार्च 1949 ला मध्यरात्रीच्या किंचित आधी. 1 एप्रिलची तारीख पडू नये, एवढी काळजी घेतली होती. स्मॉलवूड प्रांताचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि दोन दशकांहून जास्त राहिले.

त्यातून एक अडचण उरली, जी करारात कुणी लिहिली नव्हती. 1 जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिवस. न्यूफाउंडलंडमध्ये तोच बोमाँ-हामेलचा दिवस. तेव्हापासून तिथे एका दिवसाचे दोन भाग करतात. सकाळी झेंडे अर्ध्यावर, कोटाला फर्गेट-मी-नॉटची लहान निळी फुलं, युद्धस्मारकाजवळ शांतता. दुपारनंतर केक, बँड, आतषबाजी.

बोमाँ-हामेलचं रणांगण न्यूफाउंडलंडने 1920 च्या दशकात, स्वतः देश असताना, विकत घेतलं होतं. वर काशाचा कॅरिबू (उत्तरेकडचं हरीण) उभा आहे, तोंड शत्रूच्या खंदकांकडे. 1997 मध्ये कॅनडाने ते आपलं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. जे कॅनेडियन म्हणून लढले नाहीत, त्यांची स्मृती आज कॅनडाच्या खात्याकडून राखली जाते. गवत नीट कापलेलं असतं, खंदकांचे वळसे जपलेले असतात, याबद्दल तक्रारीला जागा नाही.

कॅनडाचा अनामिक सैनिक ओटावात 2000 सालापासून आहे. तरी 2024 च्या मे महिन्यात न्यूफाउंडलंडने फ्रान्समधून आपला वेगळा अनामिक सैनिक घरी आणला, आणि स्मारकाला शंभर वर्षं झाली त्या 1 जुलैला सेंट जॉन्समध्ये त्याला मूठमाती दिली.